सुटण्याचा हक्क आणि राहण्याचे सुख

व्हिक्तोरिएं सार्दू आणि एमील द नाजाक यांनी मिळून लिहिलेले ‘दिवोर्सों!’ हे तीन अंकी प्रहसन ६ डिसेंबर १८८० रोजी पॅरिसच्या पाले-रोयाल नाट्यगृहात प्रथम सादर झाले. ‘चला, घटस्फोट घेऊ या’ असे आमंत्रण देणारे हे नाटक ज्या देशात रंगमंचावर आले, त्या देशात तेव्हा घटस्फोट घेता येतच नव्हता. तो कायदा यायला पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागला. कायदा आला, बदलला, पुन्हा बदलला. नाटक मात्र पॅरिसमधून लंडनला, इटलीला, न्यूयॉर्कला गेले आणि अखेर हॉलिवूडच्या पडद्यावरही पोचले. एका चालू विषयावर बेतलेले हलकेफुलके प्रहसन इतके का टिकावे, हा प्रश्न या प्रस्तावनेचा विषय आहे. माझे उत्तर असे की, या नाटकाने घटस्फोटाबद्दल एक खरी आणि त्या काळी धाडसी गोष्ट सांगितली. सुटण्याचा मार्ग मोकळा असेल तरच एकत्र राहण्याला अर्थ येतो आणि तो बंद असेल तर चांगल्या माणसांचेही सहजीवन कोंडवाडा होऊन बसते, ही ती गोष्ट. नाटकाचा सारा विनोद याच एका विचारातून निघतो. तो विचार बाजूला काढला तर पडदे, दारे आणि लपाछपी एवढेच हाती उरेल.

हा विचार किती तातडीचा होता हे कळण्यासाठी त्या वेळचा फ्रेंच कायदा पाहावा लागतो. राज्यक्रांतीने २० सप्टेंबर १७९२ रोजी घटस्फोट दिला आणि तोही फार उदारपणे. परस्परसंमती किंवा स्वभाव न जुळणे एवढे कारणही पुरत असे. नेपोलियनच्या १८०४ सालच्या संहितेने त्याला बऱ्याच अटी घातल्या, तरी परस्परसंमतीची वाट ठेवली. राजेशाही परतल्यावर ८ मे १८१६ रोजी घटस्फोट साफ रद्द झाला. त्यानंतर जवळजवळ सात दशके फ्रान्समध्ये फक्त कायदेशीर विभक्ती मिळू शके. म्हणजे घर वेगळे, अंथरूण वेगळे. पण लग्न कायम आणि दुसरे लग्न करायला मनाई. त्यातही स्त्री-पुरुषांना माप एक नव्हते. संहितेनुसार पत्नीने पतीची आज्ञा पाळायची होती. पतीचा व्यभिचार हे कारण धरायचे, तर त्याने दुसऱ्या बाईला राहत्या घरात आणून ठेवलेले असावे लागे. आणि घरात पत्नीला परपुरुषाबरोबर प्रत्यक्ष पकडून पतीने दोघांना ठार केले, तर दंडसंहिता त्याला क्षम्य मानत असे. १८७६ पासून अल्फ्रेद नाके हे लोकप्रतिनिधी घटस्फोटाचे विधेयक पुन्हा पुन्हा मांडत होते. १८८० साली धाकट्या अलेक्झांद्र द्युमा यांनी घटस्फोटाच्या बाजूने एक आख्खे पुस्तक लिहिले. घराघरांत, वर्तमानपत्रांत, चर्चच्या प्रवचनांत वाद पेटला होता. ‘दिवोर्सों!’चा जन्म या धगीत झाला.

कथानक साधे आहे. दे प्रुनेल हा प्रौढ, सुखवस्तू, समंजस गृहस्थ. सिप्रिएन ही त्याची तरुण, चंचल, कादंबऱ्या आणि घटस्फोटाच्या चर्चा यांनी डोके भरलेली पत्नी. नवऱ्याचाच एक तरुण नातलग आदेमार तिच्या मागे लागलेला आहे. तो वनखात्यात अधिकारी आहे. चोरून भेटणे, चिठ्ठ्या, अर्धवट चुंबने इथवर प्रकरण आले आहे, पण सिप्रिएन त्यापुढे जायला तयार नाही. तिचे म्हणणे, घटस्फोट मिळू लागला तर मी रीतसर तुझी होईन. म्हणून आदेमार एक खोटी तार घडवून आणतो: पॅरिसमध्ये कायदा मंजूर झाला! दे प्रुनेलला ही लबाडी कळते, पण तो ती उघड करत नाही. तो पत्नीला शांतपणे म्हणतो की आता आपण दोघेही मोकळे आहोत; तुला त्याच्याशी लग्न करायचे असेल तर माझी हरकत नाही. आदेमारलाही तो भावी नवऱ्याचा मान देऊन टाकतो. यानंतर नाटकातले सारे फासे उलटे पडू लागतात.

दुसऱ्या अंकातला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. घटस्फोट ठरल्यावर पती-पत्नी पहिल्यांदाच मित्रांसारखे समोरासमोर बसतात. आता लपवण्यासारखे काही राहिलेले नाही, म्हणून तो विचारतो आणि ती सांगते: आदेमारशी कुठवर गेले, कधी, कसे. तो ऐकतो, हसतो, अधूनमधून दुखावतोही. ती सांगता सांगता थबकते, कारण आपले हे ‘पाप’ सगळे मिळून किती किरकोळ होते, हे तिलाच उमगू लागते. मग पारडे फिरते. नवरा एकट्याने बाहेर जेवायला निघालेला पाहून तिच्या मनात येते की याचेही कोणीतरी आहे, आणि मत्सराची पहिली कळ उठते. ज्याचा तिला कंटाळा आला होता, तो माणूस आता दुसऱ्या कोणाचा होऊ शकतो आणि तेवढ्यानेच तो तिच्या नजरेत नव्याने भरतो. उलट आदेमारला आता भावी पतीचे सगळे अधिकार मिळाले आहेत, त्यामुळे तो संशय घेऊ लागतो, हक्क गाजवू लागतो, कंटाळवाणा होऊ लागतो. तिसऱ्या अंकात सिप्रिएन स्वतःच्याच नवऱ्याबरोबर एका उपाहारगृहाच्या खासगी खोलीत चोरून जेवायला जाते आणि आदेमार पावसात भिजून, पोलीस अधिकाऱ्याला घेऊन, तिला ‘पकडायला’ येतो. पकडले जातात ते कायदेशीर पती-पत्नी.

या उलथापालथीचा अर्थ नीट लावला पाहिजे. प्रियकर नवरा झाला की रूक्ष होतो आणि नवरा प्रियकर झाला की हवाहवासा वाटतो, एवढाच निष्कर्ष काढला तर तो विनोदी नाटकांमधला जुनाच ठोकताळा ठरेल. सार्दू त्याच्या एक पाऊल पुढे जातो. त्याच्या नाटकात दोन्ही पुरुषांचा स्वभाव मुळीच बदलत नाही. दे प्रुनेल पहिल्या अंकात जितका समंजस आहे तितकाच तिसऱ्यात आहे. आदेमार आरंभी जितका पोकळ आहे तितकाच शेवटी. बदलते ती फक्त त्यांची जागा, आणि ती बदलते एका कायद्याच्या नुसत्या बातमीने. म्हणजे सिप्रिएनचा कंटाळा माणसाचा नव्हताच, तो सक्तीचा होता. ‘हा माझा आहे, कारण मला दुसरा पर्यायच नाही’ या जाणिवेने नवऱ्याचे सगळे गुण झाकले गेले होते आणि ‘हा मला मिळू शकत नाही’ या जाणिवेने आदेमारचे सगळे दोष. खोट्या तारेने दोन्ही पडदे एकदम सरकतात. प्रेक्षक खळखळून हसतो, कारण त्याला एखाद्या शास्त्रीय प्रयोगाचा निकाल डोळ्यांसमोर दिसतो: बाकी सगळे स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलली, तर काय होते?

याच्या उलट बाजूचे नाटकही त्याच काळात लिहिले जात होते. ज्या द्युमांनी १८८० मध्ये घटस्फोटाची बाजू घेतली, त्यांनीच १८७२ साली एका पुस्तिकेत व्यभिचारी, सुधारणेपलीकडच्या पत्नीला ठार मारण्याचा सल्ला पतीला दिला होता आणि पुढच्याच वर्षी ‘ला फाम द क्लोद’ या नाटकात नवऱ्याच्या हातात बंदूक देऊन तो अमलातही आणला होता. एकाच लेखकाच्या या दोन भूमिका विसंगत नाहीत. लग्नातून सुटण्याचा कायदेशीर मार्ग नसेल, तर रंगभूमीला शेवटासाठी विष, पिस्तूल किंवा आजन्म ढोंग एवढेच उरते. सार्दूने त्या बंद खोलीला एक काल्पनिक दार काढून दिले आणि शोकांतिकेचे सगळे साहित्य, म्हणजे प्रौढ नवरा, तरुण पत्नी, घरात शिरलेला प्रियकर, बघता बघता सुखांतिकेचे झाले. हा केवळ लेखनप्रकारातला बदल नव्हता. जिथे माणसांना निवड करता येते तिथेच सुखात्म नाटक संभवते, हा त्यातला मुद्दा आहे.

नाटकाच्या टिकाऊपणाचा पुरावा याच निष्कर्षाकडे बोट दाखवतो. विषय ताजा होता म्हणून नाटक चालले, असे म्हणणे सोपे आहे. ते पहिल्या हंगामापुरते खरेही आहे. सेलीन शोमोंची सिप्रिएन पॅरिसभर गाजत असतानाच, १८८१ च्या सुरुवातीला, प्रतिनिधिगृहाने नाकेंचे विधेयक फेटाळले होते. पण २७ जुलै १८८४ रोजी कायदा खरोखर मंजूर झाला आणि खोट्या तारेची सगळी गंमत त्या दिवशी शिळी झाली. केवळ प्रासंगिक नाटक असते तर ते तिथेच संपले असते. त्यानंतर इटलीची थोर नटी एलेओनोरा दूझे हिने सिप्रिएन आपल्या दौऱ्यांवर नेली. दुःखात्म भूमिकांसाठी गाजलेल्या या नटीला त्या चंचल बाईत काहीतरी खोल सापडले होते, हे उघड आहे. १९०७ मध्ये ग्रेस जॉर्जने ती न्यूयॉर्कमध्ये केली. एर्न्स्ट लुबिचने या नाटकावर दोनदा चित्रपट काढले, १९२५ साली ‘किस मी अगेन’ आणि १९४१ साली ‘दॅट अनसर्टन फीलिंग’. या दुसऱ्या चित्रपटात घटस्फोटासाठी कारण हवे म्हणून नवऱ्याने वकिलाच्या कचेरीत, साक्षीदारासमोर पत्नीला थप्पड मारायची असते आणि त्या सज्जन माणसाचा हात सहजासहजी उठत नाही. दोन समंजस माणसे सलोख्याने वेगळी व्हायला तयार असताना कायदा त्यांच्याकडे गुन्हा मागतो, ही विसंगती साठ वर्षांनंतर आणि समुद्रापलीकडेही प्रेक्षकाला लगेच कळत होती.

इथे फ्रेंच कायद्याची एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. १८८४ चा कायदा केवळ दोषावर आधारलेला होता: व्यभिचार, क्रूर वागणूक व गंभीर अपमान, किंवा बेअब्रू करणारी शिक्षा. दोघांच्या संमतीने घटस्फोट त्यात नव्हता. तो फ्रान्समध्ये परत यायला ११ जुलै १९७५ उजाडले. शिवाय ज्या व्यक्तीबरोबरच्या व्यभिचारामुळे घटस्फोट झाला, तिच्याशीच लग्न करायला १९०४ पर्यंत बंदी होती. म्हणजे दे प्रुनेल, सिप्रिएन आणि आदेमार ज्या सभ्यपणे आपसात वाटाघाटी करून मोकळे व्हायला निघाले होते, तसे मोकळे होणे नाटकानंतर जवळजवळ शंभर वर्षे फ्रान्समध्ये शक्य नव्हते. प्रहसन कायद्याच्या मागून धावत होते असे नाही. ते त्याच्या बरेच पुढे होते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की शेवटी जोडपे एकत्र येते, म्हणजे नाटक घटस्फोटाची थट्टा करून विवाहसंस्थेची भलामण करते. शेवट पाहिला तर हे पटण्याजोगे वाटते. पण वाट पाहिली तर नाही. जोडपे एकत्र येते ते घटस्फोटाच्या शक्यतेतून जाऊन, तिला वळसा घालून नव्हे. धर्माने बजावले, समाजाने दटावले, मुलाबाळांची शपथ घातली म्हणून सिप्रिएन परतत नाही. तिला दुसरीकडे जाता येत होते, असे तिला वाटत होते, आणि तिने हाच माणूस निवडला. घटस्फोटाचे विरोधक म्हणत होते की दार उघडले तर घरे रिकामी होतील. नाटकाचे उत्तर असे की दार उघडले तर पुष्कळजण आतच राहतील, पण राहणाऱ्यांचा चेहरा वेगळा असेल. लग्नाचे समर्थन याहून चांगले कुणी केले असेल असे मला वाटत नाही, आणि ते घटस्फोटाच्या हक्कावरच उभे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो अंशतः मान्यच केला पाहिजे. दे प्रुनेलला तार खोटी असल्याचे ठाऊक आहे; सिप्रिएनला नाही. तिला मिळालेले स्वातंत्र्य हा नवऱ्याने रचलेला खेळ आहे. ज्या निवडीचा इतका गौरव करायचा, ती निवड मुळात खरी होती का? स्त्रीच्या बाजूने पाहता ही नाटकातली खरी उणीव आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. सार्दू आपल्या काळातला पुरुष होता. शहाणपण त्याने नवऱ्याकडे ठेवले आणि शिकण्याची पाळी पत्नीवर आणली. तरीही दोन गोष्टी पाहाव्यात. एक, दे प्रुनेललाही शिकावे लागते. आळसावलेल्या, गृहीत धरणाऱ्या नवऱ्याला पुन्हा पत्नीचे मन जिंकावे लागते, आणि ती दुसऱ्या अंकात जे सांगते ते त्याला शांतपणे सोसावे लागते. दुसरे म्हणजे, खोट्या स्वातंत्र्यानेही एवढे साधत असेल, तर खऱ्याने किती साधेल हा प्रश्न नाटक प्रेक्षकाच्या पदरात टाकते. आजच्या दिग्दर्शकाने ही असमानता पुसून टाकू नये. सिप्रिएनला तारेचे सत्य कळते त्या क्षणाला पुरेसा वेळ द्यावा आणि त्यानंतरही तिचा निर्णय तिचाच ठेवावा. तेवढ्याने नाटकाचा तोल सावरतो.

तिसरा आक्षेप असा की घटस्फोट हा हसण्याचा विषयच नाही. ज्या बाईला तो जगण्यासाठी हवा असतो तिच्या दुःखाचा यात मागमूस नाही. मराठी वाचकाला हा आक्षेप चटकन जाणवेल, कारण ज्या १८८४ साली फ्रान्समध्ये नाकेंचा कायदा झाला, त्याच साली मुंबईत दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर नांदायला येण्यासाठी दावा लावला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या आणि कधीही न नांदलेल्या रखमाबाईंच्या बाजूने १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला. तो अपिलात फिरला आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. या हकिकतीपुढे सिप्रिएनचा कंटाळा क्षुल्लक वाटेल हे कबूल. पण दोन्ही घटनांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: संमतीशिवायच्या सहवासाला लग्न म्हणावे का? रखमाबाईंनी तो न्यायालयात आणि वृत्तपत्रांत विचारला आणि त्याची किंमत मोजली. पाले-रोयालने तो सुखवस्तू दिवाणखान्यात विचारला, जिथे मारहाण नाही, उपासमार नाही. त्यातही एक बळ आहे. जिथे क्रौर्य असते तिथे सुटकेचा हक्क बहुतेकांना पटतो. जिथे नवरा चांगला आहे तिथेही तो असला पाहिजे, हे पटवणे अवघड असते आणि सार्दूने तेच अवघड काम हाती घेतले.

शेवटचा आक्षेप कलेचा. बर्नार्ड शॉ यांनी १८९५ मध्ये सार्दूच्या यंत्रवत बांधणीची खिल्ली उडवणारा एक शब्दच घडवला आणि तो नाट्यसमीक्षेत रुळला. चिठ्ठ्या, तारा, अचूक वेळी उघडणारी दारे यांवर सार्दूची अनेक नाटके उभी आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांना तो शब्द लागूही पडतो. ‘दिवोर्सों!’ला मात्र तो पुरता लागू पडत नाही, कारण इथे यंत्र हाच विचार आहे: एक बातमी फिरवली की सगळ्या नात्यांचे दाते नव्याने जुळतात. सार्दूची गंभीर बाजूही तुलनेला हाताशी आहे. १८८० च्याच फेब्रुवारीत कोमेदी-फ्रान्सेजमध्ये त्याचे ‘दानिएल रोशा’ आले होते. नागरी विवाह की धार्मिक विवाह या वादावरून नवे जोडपे फुटते, असा त्याचा विषय. त्यात भाषणे होती, सिद्धान्त होते, दोन्ही पक्षांचे युक्तिवाद होते. पहिल्या प्रयोगांना प्रेक्षकांनी त्याला विरोध केला आणि आज ते अभ्यासकांपुरते उरले आहे. त्याच लेखकाने त्याच वर्षी त्याच विषयाच्या शेजारचा विषय हसत मांडला आणि तो जगभर गेला. लोकांना मत सांगितले की ते आपले मत घेऊन भांडायला उभे राहतात. परिस्थिती दाखवली की हसता हसता स्वतःच निष्कर्षाला येतात.

मराठी रंगभूमीला हे नवे नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी मोलिएरच्या एका प्रहसनाचे बीज इंग्रजीमार्गे घेऊन १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव’ लिहिले, ‘संशयकल्लोळ’ म्हणून ते पुढे संगीतात आले आणि फाल्गुनराव-कृत्तिकेचे भांडण आजही प्रेक्षकांना आपल्या घरातले वाटते. मात्र फाल्गुनराव आणि कृत्तिका यांच्यापुढे सुटण्याचा मार्ग नव्हता. संशय फिटणे एवढाच त्यांच्या कथेला शेवट होता. नंतर काळ बदलला. पोर्तुगालच्या १९१० च्या कायद्याने गोव्यात परस्परसंमतीचा घटस्फोट आला. उर्वरित देशात बहुतेक ठिकाणच्या हिंदूंना १९५५ च्या विवाह कायद्याने घटस्फोट मिळाला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कलम १३-ब येऊन परस्परसंमतीची वाट खुली झाली. त्या कलमात पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामध्ये सहा महिन्यांचा अवधी ठेवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये योग्य प्रकरणी तो माफ करता येईल असे म्हटले. या सहा महिन्यांत कौटुंबिक न्यायालयाच्या समुपदेशकासमोर बसलेले जोडपे म्हणजे ‘दिवोर्सों!’चा दुसरा अंकच होय: दोघेही मोकळे होऊ शकतात आणि म्हणूनच पहिल्यांदा खरे बोलू शकतात. काही जोडपी त्या बोलण्यानंतर परततात, पुष्कळ परतत नाहीत. दोन्ही निर्णयांचा मान राखणारा समाज हाच या नाटकाचा खरा प्रेक्षक आहे.

म्हणून वाचकाने आणि हे नाटक करू पाहणाऱ्या नाट्यसंस्थांनी त्याला केवळ जुन्या पॅरिसचा गमतीदार नमुना समजू नये. घटस्फोट म्हणजे घर मोडण्याचे हत्यार, असे म्हणणारे आजही आपल्यात आहेत आणि लग्न म्हणजे निव्वळ बंधन, असे म्हणणारेही आहेत. दोघांनाही हे नाटक एकच उत्तर देते. सुटण्याचा हक्क मिळाला म्हणून लग्न दुबळे होत नाही. रोज नव्याने निवडले जाण्याची पात्रता त्याला अंगी आणावी लागते, इतकेच. ज्या लग्नांना ती साधते ती टिकतात आणि ज्यांना साधत नाही त्यांतल्या माणसांना सन्मानाने वेगळे होता येते. १८८० च्या डिसेंबरात पाले-रोयालने हे हसवून पटवले. आपल्या नाट्यगृहांतही ते तितक्याच मोकळ्या हसण्याने पटवता येईल, अशी माझी खात्री आहे.